फुफ्फुसांची सोनोग्राफी झाली, आता सीटी स्कॅनचा हट्ट धरू का?

वाचकाचं पत्र

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. गेल्या आठवड्यात ताप आणि खोकला सुरू झाला, कोरोनाची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्यांना दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी खाटेजवळच एक छोटं यंत्र आणून छातीची आणि पाठीची सोनोग्राफी केली. म्हणाले, फुफ्फुसांवर थोडा परिणाम आहे, स्कोअर ३६ पैकी ९ आहे, दोन दिवसांनी पुन्हा बघू. दुसऱ्या वेळी तो १२ आला. माझा भाऊ लांब असतो. तो फोनवर म्हणतो, "सोनोग्राफी पोटाची करतात, फुफ्फुसांची कुठे असते? सीटी स्कॅन करायला सांग, हे टाळाटाळ करताहेत." डॉक्टर म्हणतात, सध्या सीटीची गरज नाही. दोघांच्या मध्ये मी अडकले आहे. स्कोअर वाढला म्हणजे तब्येत बिघडली का? सीटीसाठी हट्ट धरू का? घरी आल्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागेल का? बाबा जेवताहेत, बोलताहेत, ऑक्सिजन ९४-९५ असतो.

— एक मुलगी

उत्तर

ताई,

सीटीसाठी आज हट्ट धरू नका. तुमचे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत. ज्या आजारात अवस्था दोन दिवसांत पालटू शकते, त्या आजारात ते रुग्णाजवळ बसून स्वतःच्या हाताने फुफ्फुसं पुन्हा पुन्हा बघताहेत. पण ९ चा १२ झाला ही गोष्ट तशीच सोडूनही देऊ नका. त्यामागे काय आहे ते विचारायलाच हवं, आणि कसं विचारायचं ते पुढे लिहिते.

त्याआधी एक. बाबा जेवतात, बोलतात आणि ऑक्सिजन ९४-९५ आहे, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी घाईत लिहिलंय. माझ्यासाठी तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. फक्त ती अर्धी आहे. हा ९४-९५ ऑक्सिजन न लावता आहे, की नळी किंवा मास्क लावून? लावला असेल तर मिनिटाला किती लिटर? परवा २ लिटरवर ९५ होता आणि आज ६ लिटरवर ९५ आहे, तर आकडा तोच दिसला तरी आजार वाढलेला आहे. स्कोअरच्या आधी हे विचारा.

आता भावाची शंका. ती गैर नाही, कारण अनेक वर्षं डॉक्टरांनाही हेच शिकवलं जायचं की फुफ्फुसांची सोनोग्राफी होत नाही. सोनोग्राफीचा आवाज, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी, मऊ पेशींतून आणि पाण्यातून आरामात जातो, पण हवा आली की अडतो. पेशी आणि हवा जिथे भेटतात तिथून जवळजवळ सगळा आवाज परत फिरतो. फुफ्फुस तर हवेनेच भरलेलं. त्यामुळे यकृत किंवा मूत्रपिंड जसं पडद्यावर दिसतं, तसं निरोगी फुफ्फुस दिसत नाही. दिसते ती फक्त त्याची वरची कड, म्हणजे फुफ्फुसावरणाची एक चकचकीत रेघ, श्वासाबरोबर इकडून तिकडे सरकणारी. तिच्याखाली तशाच आडव्या रेघा सारख्या अंतरावर उमटतात. समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये उभं राहिलं की प्रतिमांची रांग लागते ना, तशा त्या उमटतात, कारण आवाज फुफ्फुसाची कड आणि प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा यंत्राचा भाग, यांच्यामध्ये मागेपुढे आपटत राहतो. त्यांना ए-लाइन्स म्हणतात. त्या खऱ्या रचना नाहीत, आभास आहेत. पण त्या आभासातून एक खरी गोष्ट कळते: कडेखाली हवा आहे.

फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी हे आभासच वाचायला घेतले. फुफ्फुसाच्या कडेजवळच्या नाजूक पडद्यांमध्ये पाणी किंवा सूज भरली, की आवाजाला शिरायला छोट्या छोट्या जागा मिळतात. तिथे तो अडकतो आणि थोडा थोडा करून परत येत राहतो. यंत्राच्या पडद्यावर कडेपासून थेट तळापर्यंत जाणारी उभी उजळ रेघ दिसते. ही बी-लाइन. ती श्वासाबरोबर हलते आणि वाटेतल्या ए-लाइन्स पुसून टाकते. दोन बरगड्यांच्या मधल्या एका जागेत एखाददुसरी दिसली तर फारसं बिघडत नाही. तीन किंवा अधिक असतील तर तिथे काहीतरी चाललंय. सूज वाढली की या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पडद्याचा तो भाग सगळा पांढरा होतो. त्याही पुढे, हवा पूर्ण जाऊन फुफ्फुस तिथे घट्ट झालं, की ते यकृतासारखं भरीव दिसू लागतं. लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अचानक श्वास कोंडून आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये या पद्धतीने कारण बरोबर ओळखता आलं होतं. २०१२ मध्ये फुफ्फुसांच्या सोनोग्राफीबद्दल आंतरराष्ट्रीय शिफारशीही आल्या. म्हणजे ही तपासणी कोरोनाच्या घाईत कुणी शोधून काढलेली नाही. भावाला एवढं जरूर सांगा.

कोरोनात तिचा उपयोग वाढला, त्याला या आजाराची ठेवण कारणीभूत आहे. हा न्यूमोनिया बहुतेकदा दोन्ही फुफ्फुसांत असतो, ठिगळांसारखा विखुरलेला असतो, आणि मध्यापेक्षा कडेला, त्यातही पाठीकडच्या आणि खालच्या भागात जास्त असतो. सोनोग्राफीला दिसते तीही कडच. म्हणून चांगला डॉक्टर रुग्णाला बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ बघतोच. तुमच्या डॉक्टरांनी पाठीला प्रोब लावला हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत, ते वाचून मला बरं वाटलं. नुसती पुढून छाती बघून "फुफ्फुसं स्वच्छ आहेत" असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्यावर विसंबले नसते.

२०२० च्या सुरुवातीला चीन आणि इटलीतल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या खाटेजवळ हे चित्र टिपून जगाला सांगितलं: जाड झालेली, जागोजागी तुटलेली फुफ्फुसाची कड, बी-लाइन्सचे झुबके, कडेलगत छोटे भरीव ठिपके, आणि त्यांच्या शेजारीच अगदी निरोगी पट्टे. रोममधल्या एका गटाने हातात मावणारा प्रोब आणि टॅबलेट प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून वापरायची पद्धत मांडली. संरक्षक पोशाखात स्टेथोस्कोप कानाला लावणं कठीण असतं. शिवाय रुग्णाला सीटीपर्यंत नेऊन आणायचं म्हणजे वाटेतल्या सगळ्यांना संसर्गाचा धोका आणि ऑक्सिजनवरच्या माणसाची दमछाक. खाटेशीच तपासणी झाली, यंत्र पुसून निर्जंतुक केलं, की झालं.

तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. सोनोग्राफी "कोरोना आहे की नाही" हे सांगू शकत नाही. बी-लाइन्स इतर विषाणूंच्या न्यूमोनियात दिसतात, फुफ्फुसं कडक होणाऱ्या जुन्या आजारांत दिसतात, हृदय थकून फुफ्फुसांत पाणी साचलं तरी दिसतात. कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. कोरोना असलेल्या १०० जणांपैकी साधारण ८९ जणांत सोनोग्राफीत दोष दिसला, पण कोरोना नसलेल्या १०० जणांतही साधारण २८ जणांत तसाच दोष दिसला. शिवाय सौम्य आजारात किंवा पहिल्या काही दिवसांत ती अगदी स्वच्छ येऊ शकते. निदान नाकातल्या-घशातल्या नमुन्याच्या तपासणीने करायचं, आणि तुमच्याकडे ते झालेलं आहे. सोनोग्राफीला विचारायचा प्रश्न वेगळा: फुफ्फुसाला किती लागलंय, आणि परवापेक्षा आज कसं आहे? कडेपर्यंत न पोहोचलेला, आत खोलवरचा दोष तिला दिसत नाही. फार लठ्ठ व्यक्तीत, किंवा छातीवर पट्ट्या असतील तर, चित्र नीट मिळत नाही. आणि ती करणाऱ्याचा हात शिकलेला असावा लागतो.

आता तुमचा ९ आणि १२.

३६ पैकी स्कोअर म्हणजे छातीचे १२ हिस्से धरले आहेत. प्रत्येक बाजूला सहा: पुढचे, बगलेखालचे आणि पाठीचे, प्रत्येकात वरचा आणि खालचा. प्रत्येक हिश्शाला ० ते ३ गुण. हवेचं नेहमीचं चित्र असेल तर ०, बी-लाइन्स सुट्या सुट्या असतील तर १, एकमेकींत मिसळल्या असतील तर २, फुफ्फुस भरीव झालं असेल तर ३. काही ठिकाणी ८ किंवा १४ हिस्से धरतात, तिथली बेरीज वेगळी येते. सीटीचा स्कोअर बहुधा २५ पैकी देतात. भावाच्या ओळखीत कुणाचा सीटी स्कोअर १२ असेल, तर त्याचा बाबांच्या १२ शी काहीही संबंध नाही.

ही बेरीज मला एकटी कधीच पुरत नाही. तीन गुण वाढले, पण कसे? आधी स्वच्छ असलेल्या तीन हिश्शांत थोड्या बी-लाइन्स आल्या असतील, तर आजार थोडा पसरलाय, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो असा पसरतोही. पण बाकी सगळं तसंच राहून पाठीचा एकच हिस्सा ० वरून थेट ३ वर गेला असेल, तर तिथे फुफ्फुस भरीव झालंय. मग जिवाणूंचा नवा संसर्ग झालाय का, की बरेच दिवस उताणं झोपून तो भाग दबलाय, हे बघावं लागतं. बेरीज दोन्हीकडे तीच, उपाय निराळे. तिसरी शक्यता अगदी साधी आहे: पहिल्या वेळी बाबांना दम असल्यामुळे पाठ नीट बघता आली नव्हती आणि दुसऱ्या वेळी आली, किंवा दोन वेळा दोन वेगळ्या डॉक्टरांनी बघितलं. तेवढ्यानेही दोन-तीन गुण इकडचे तिकडे होऊ शकतात.

बाबांच्या बाबतीत चौथी शक्यता आहे, आणि मला सगळ्यात जास्त तिचीच काळजी वाटते. त्यांच्या हृदयावर आधीच उपचार झालेले आहेत. ताप, संसर्ग, शिरेतून दिलेलं सलाइन यांचा ताण हृदयावर येऊन फुफ्फुसांत पाणी साचू लागलं, तरी बी-लाइन्स वाढतील. दोन्हींत फरक करता येतो. हृदयामुळे असतील तर त्या सहसा दोन्ही बाजूंना सारख्या असतात, फुफ्फुसाची कड गुळगुळीत राहते, आणि तळाशी दोन्हीकडे पाणी दिसू शकतं. कोरोनात कड खडबडीत असते, मध्ये मध्ये निरोगी पट्टे राहतात, आणि छातीत भरपूर पाणी साचणं सहसा आढळत नाही. शंका असेल तर डॉक्टर तोच प्रोब हृदयावर ठेवून त्याचं आकुंचन बघू शकतात. हृदयामुळे वाढ असेल तर लघवी वाढवणारं औषध आणि सलाइनवर लगाम, विषाणूमुळे असेल तर उपचार निराळे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: "ही वाढ कोरोनाची आहे की हृदयाची?" ७१ वर्षांच्या, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या मुलीने हा प्रश्न विचारला तर कुठल्याही समंजस डॉक्टरला राग येणार नाही.

सीटीबद्दल भावाशी बोलताना किरणांचा मुद्दा पुढे करू नका. ७१ व्या वर्षी एका सीटीच्या किरणांची भीती बाळगण्याचं कारण नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्याबाबतीत तो विचार जड असतो. बाबांच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच: सीटी केल्याने उद्याचा उपचार बदलेल का? कोरोनात उपचार ठरतो तो मुख्यतः ऑक्सिजन लागतोय की नाही, यावर. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचंच बघा. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत २०२० मध्ये दिसलं की ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांमध्ये त्याने मृत्यू कमी झाले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. स्टेरॉइड सुरू करायचं की नाही, हे ऑक्सिजनच्या गरजेवरून ठरतं, सीटीतल्या डागांच्या आकड्यावरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जून २०२० च्या मार्गदर्शनात म्हटलं होतं की प्रयोगशाळेतली तपासणी वेळेत मिळत असेल तर निदानासाठी छातीच्या प्रतिमा काढू नयेत. नुसतं नीट कळावं म्हणून काढलेला सीटी घरच्यांचा जीव घाबरा करतो आणि रुग्णाच्या हाती बहुधा काही देत नाही. हे मी कळकळीने सांगतेय, कारण डागांचे टक्के ऐकून हाय खाल्लेली, आणि रुग्ण समोर बसून चहा पितोय हे विसरलेली घरं मी पाहिली आहेत.

पण काही वेळा सीटी लागतोच, आणि तेव्हा मागेपुढे करू नये. ऑक्सिजन अचानक घसरला आणि सोनोग्राफीत फुफ्फुसं त्यामानाने बरी दिसत असतील, तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यावी लागते. कोरोनात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. फुफ्फुसांची सोनोग्राफी ही गुठळी नाकारू शकत नाही. पायांच्या शिरा बघून सुगावा लागू शकतो, पण खात्री शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटीनेच होते, आणि त्याआधी मूत्रपिंडाचं काम बघून घेतात. हा साध्या सीटीपेक्षा वेगळा असतो, हेही लक्षात असू द्या. उपचार चालू असून तब्येत उतरणीला लागली, पुन्हा नव्याने ताप चढला, किंवा आत खोलवर काही झाल्याचा संशय आला, तरी सीटी योग्यच. तुमच्या डॉक्टरांनी "सध्या गरज नाही" म्हटलंय. त्यांना विचारा, "काय झालं तर तुम्ही करायला सांगाल?" याचं स्पष्ट उत्तर मिळालं की भावाचाही अर्धा राग जाईल.

वॉर्डात तुम्ही बाबांजवळ असता तेव्हा स्कोअरची वाट बघण्यापेक्षा त्यांचा श्वास बघा. शांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला ३० च्या वर श्वास, किंवा ऑक्सिजन न लावता ९० च्या खाली, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात गंभीर आजाराची खूण आहे. तिथवर थांबायचं नाही. आकडा ९३ च्या खाली राहू लागला, बोलताना वाक्य तुटू लागलं, मानेचे स्नायू श्वासाबरोबर ओढले जाताना दिसले, गुंगी किंवा गोंधळ वाटला, छातीत दुखलं, एक पाय सुजला, तर लगेच नर्सला हाक मारा. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी काही जणांना दम लागल्यासारखं वाटत नाही. म्हणून "मला बरं वाटतंय" या शब्दावर थांबू नका, ऑक्सिमीटर लावाच. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेत तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. चालवून ऑक्सिजन बघायची चाचणी मात्र आपल्या मनाने करू नका. हृदयाच्या रुग्णात ती डॉक्टर ठरवतील तेव्हाच.

भावाला रिपोर्टचे फोटो पाठवणं थांबवा, असंही सुचवेन. फोटोवरून त्याला काही कळणार नाही आणि तुमचं भांडण वाढेल. डॉक्टरांच्या फेरीनंतरची पाच मिनिटं मागून घ्या आणि फोन स्पीकरवर ठेवा. भावाला त्याचे प्रश्न त्याच्या तोंडून विचारू द्या. लांब असलेल्या मुलाला काहीच करता येत नाही, म्हणून तो एखाद्या तपासणीचा आग्रह धरतो. त्या आग्रहात बाबांची काळजीच आहे.

घरी आल्यावरचं. बाबांना बरं वाटत असेल, ऑक्सिजन ठीक असेल, तर केवळ फुफ्फुसं स्वच्छ झाली का हे बघायला सोनोग्राफी पुन्हा करायची गरज नाही. माणूस बरा झाला तरी बी-लाइन्स काही आठवडे, कधी काही महिने, रेंगाळतात. ते बघून उगीच घोर लागतो. दम पुन्हा वाढला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. तीन महिने होऊनही जिना चढताना धाप लागत असेल, तर फुफ्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी आणि गरज पडल्यास सीटी, हे छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. हृदयाच्या डॉक्टरांची भेट तर ठरवूनच घ्या. आणि सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डासोबत शेवटच्या सोनोग्राफीची हिस्सेवार नोंद मागा, नुसती बेरीज नको. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली, तर तुलनेला त्यांना तीच लागेल.